विषाणूनेच जागं केलेलं औषध

जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. पेनिसिलिन तिच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे त्या बचावतात. विषाणूचं तसं नाही. तो आपल्याच पेशीत शिरतो आणि तिचीच यंत्रणा राबवून स्वतःच्या प्रती काढतो. यंत्रणा बंद पाडावी तर पेशीच मरायची. मग घाव घालायचा कुठे?

याचं मला सर्वांत देखणं वाटणारं उत्तर म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिर. नागीण झाली की डॉक्टर देतात त्या गोळ्यांपैकी एक. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात यावर काम झालं. एलियन यांना १९८८चं नोबेल विभागून मिळालं. हा रेणू डीएनएच्या एका दुव्याचा तोतया आहे, पण अर्धवट. पुढचा दुवा ज्यात अडकवायचा तो आकडाच त्याला नाही. शिवाय पेशीत गेल्यावर तो नुसता पडून राहतो. त्याला कामाला लावायचं तर आधी एक फॉस्फेट जोडावा लागतो, आणि ते काम नागिणीच्या, म्हणजे हर्पिस गटातल्या या विषाणूचं स्वतःचं विकर (एन्झाइम) करतं. आपली विकरं या रेणूकडे जवळपास ढुंकूनही पाहत नाहीत. त्यामुळे औषध जागं होतं ते मुख्यतः विषाणू घुसलेल्या पेशीतच! उरलेले दोन फॉस्फेट आपली पेशी जोडते. मग डीएनएची साखळी ओवताना विषाणू हा तोतया दुवा उचलतो आणि साखळी तिथेच खुंटते.

मात्र प्रती निघत असतील तरच हे साधतं. मज्जातंतूंच्या गाठींत झोपलेल्या विषाणूला हे औषध काही करू शकत नाही. फ्लूच्या ओसेल्टामिव्हिरची गंमत वेगळी: नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात, त्यांना सोडवणारी कात्रीच ते बोथट करतं. म्हणून ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं बरं. उशीर झाला की विषाणू आधीच पसरलेला असतो.

एचआयव्ही प्रती काढताना इतक्या चुका करतो की एकट्या औषधाला चुकवणारा अवतार लवकरच निपजतो. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि रुग्ण जगू लागले. तरी गोळ्या सुटत नाहीत, कारण त्याची जनुकं आपल्या डीएनएतच शिवली जातात. हेपटायटिस सी तसं काही मागे ठेवत नाही, म्हणून बहुतेक रुग्ण ८ ते १२ आठवड्यांत त्यातून कायमचे सुटतात.