बॉनेटचे झरोके: हवा आत शिरली, पण बाहेर कुठून पडणार?

2020 सालच्या फोर्ड मस्टँग शेल्बी जीटी 500 च्या बॉनेटवर 31 बाय 28 इंचांचा झरोका आहे. बॉनेटच्या मधल्या भागात पत्रा नाहीच म्हणा ना, नुसत्या आडव्या पट्ट्या. त्यांच्याखाली पावसाचं पाणी अडवायला अल्युमिनियमचा ट्रे बसवलेला असतो आणि ट्रॅकवर जाताना तो काढून ठेवता येतो. झरोका असावा की नसावा या वादातल्या दोन्ही बाजू त्या ट्रेपाशी भेटतात.

या गाडीची ताकद 760 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 567 किलोवॅट. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायच्या कामी येते, साधारण तितकीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, उतरते. म्हणजे पूर्ण जोरात धावताना हा द्रव गार करणाऱ्या जाळीदार रेडिएटरला काहीशे किलोवॅट उष्णता हवेच्या हवाली करायची असते. त्यासाठी आपल्याला सुचतं ते पुढची जाळी मोठी करणं. पण एकच खिडकी असलेल्या खोलीत बाहेर कितीही वारा असला तरी आत झुळूक येत नाही, समोरची खिडकीही उघडावी लागते. गाडीचंही तसंच. रेडिएटरमधून किती हवा जाईल हे त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर ठरतं. मागे हवा तुंबली की पुढची जाळी कितीही मोठी करा, उपयोग शून्य.

साध्या गाडीत ही गरम हवा इंजिनाभोवती घुटमळून खालून, रस्त्याच्या बाजूला निघते. रोजच्या वापराला ते पुरतं. वेग वाढला की मात्र दुसरंच दुखणं सुरू होतं, आणि माझ्या मते झरोक्याचं खरं काम उष्णतेपेक्षाही इथे आहे. ताशी 100 किलोमीटरला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब साधारण 460 पास्कल भरतो. 200 ला तो दुप्पट नाही, चौपट होतो. समजा, दीड चौरस मीटरच्या बॉनेटखाली वरच्यापेक्षा फक्त 200 पास्कल जास्त दाब साठला, तरी बॉनेट सुमारे 30 किलो वजनाइतक्या जोराने वर उचललं जातं. शिवाय खाली सोडलेली हवा गाडीच्या पोटाखाली दाब वाढवते ती वेगळीच. पुढची चाकं हलकी होतात आणि वेगात वळताना स्टिअरिंगची पकड सैल वाटू लागते. हवा वरून सोडली की गाडी वर उचलणारा हा जोर कमी होतो.

पण वरून म्हणजे नेमकं कुठून? गाडीच्या नाकावरून वळून बॉनेटवर चढताना हवेचा वेग वाढतो, त्यामुळे तिथे, पुढच्या भागात, दाब कमी असतो. झरोक्याची जागा ती. त्याच्या पुढच्या कडेला छोटीशी उभी पट्टी लावली की ओढ आणखी वाढते. उलट पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि दाब चढतो. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी वायपरपाशी असते ती त्याचसाठी. 1969 च्या शेव्हरोले कमॅरोमध्ये मिळणाऱ्या एका बॉनेटचं तोंड तर चक्क काचेकडे होतं, कारण तिथून कार्ब्युरेटरला, म्हणजे इंधनात हवा मिसळणाऱ्या भागाला, हवा घ्यायची होती. बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलायची युक्ती हौशी मंडळी करतात, ती इथेच फसते. उभ्या गाडीत त्या फटीतून गरम हवा निघते खरी, पण वेगात तिथून हवा उलट आत शिरू शकते.

पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचा उंचवटा आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याचं काम मात्र नेमकं उलटं: तो खालच्या इंटरकूलरला (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा भाग) थंड हवा आत देतो. आत घेणारं तोंड आणि बाहेर सोडणारा झरोका यांची गल्लत होते, म्हणून हे सांगितलं.

2014 च्या कॉर्व्हेट स्टिंगरेत रेडिएटर पुढे कलवून त्याची हवा बॉनेटमधून सोडली आहे. तिचंच 650 अश्वशक्तीचं झी 06 हे रूप ट्रॅकवर तापतं अशी ओरड झाली, तेव्हा 2017 साली बॉनेटवरचे झरोके मोठे करण्यात आले. 2022 ची पोर्शे 911 जीटी3 आरएस आणखी पुढे गेली. तिच्या नाकात एकच मोठा, तिरका रेडिएटर आहे आणि हवा बॉनेटवरच्या दोन नाकपुड्यांतून निघते. किंमत? पुढची सामानाची जागा गेली. आणि इंजिन मागे असल्यामुळे ही गरम हवा छतावरून थेट त्याच्याच तोंडाशी पोचायची. म्हणून छतावर छोटे पंख लावून ती बाजूला वळवावी लागली. एक भोक पाडलं की पुढची चार कामं अशी निघतात.

साध्या गाडीला झरोके पाडून घेणाऱ्याला ही कामं दिसत नाहीत. कोकणातल्या पावसात पाणी थेट इग्निशन कॉइल, अल्टरनेटर आणि बेल्टवर पडतं, उन्हाळ्यात धूळ. पत्रा कापताना खालच्या फासळ्याही कापल्या गेल्या तर बॉनेट वेगात थरथरतं. पादचाऱ्याचं डोकं आदळलं तर बॉनेटने ठरावीक रीतीने दबावं अशी त्याची रचना केलेली असते, तीही बिघडते. झरोक्यातून निघालेली गरम हवा काचेच्या पायथ्याशी पोचून केबिनमध्ये ओढली जाऊ शकते. एक फायदा मात्र कबूल करायला हवा: घाट चढून गाडी थांबवली की बॉनेटखालची कोंडलेली उष्णता झरोक्यातून लवकर निघून जाते.

चिकटवलेल्या प्लास्टिकच्या खोट्या झरोक्यांबद्दल काय बोलावं! 2019 च्या टोयोटा सुप्राच्या बॉनेटवरही बंद खाचा होत्या, आणि त्यावरून टीकाही झाली.

खरोखरच गाडी तापत असेल तर आधी कूलंट, थर्मोस्टॅट आणि फॅन तपासावेत, मग रेडिएटरच्या कडेच्या फटी पाहाव्यात. हवा नेहमी सोपी वाट धरते, त्यामुळे जाळीतून आलेली बरीचशी हवा रेडिएटरला बगल देऊन त्या फटींतूनच निसटते. तिथे फोमच्या पट्ट्या बसवायला करवत लागत नाही.