उदरभित्तीचे जन्मदोष (सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

गर्भात पोटाची पुढची भिंत पूर्ण न मिटल्याने बाळाची आतडी, कधी यकृतही, बाहेर राहते. अशा विकारांना उदरभित्तीचे जन्मदोष म्हणतात. मुख्य प्रकार दोन. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये बहुधा बेंबीच्या उजवीकडे भोक असते. आतड्यांवर आवरण नसते; गर्भजलात उघडी राहून ती सुजतात, जाड होतात. ओम्फॅलोसिलमध्ये अवयव नाळेच्या बुडाशी पातळ पिशवीत असतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक गर्भाची आतडी नाळेत शिरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पोटात परततात. ती परतली नाहीत तर ओम्फॅलोसिल होते.

गॅस्ट्रोस्किसिस साधारण 2,000 ते 4,000 जन्मांत एकदा दिसते, ओम्फॅलोसिल त्याहून थोडे विरळ. अमेरिकेत गॅस्ट्रोस्किसिसचे प्रमाण 1995–2005 मध्ये दर 10,000 जिवंत जन्मांमागे 3.6 होते, ते 2006–2012 मध्ये 4.9 झाले. या वाढीचे कारण अजून उलगडलेले नाही.

जोखमीच्या बाबतीत दोन्ही दोष अगदी वेगळे आहेत. ओम्फॅलोसिलसोबत अनेकदा हृदयाचे दोष किंवा गुणसूत्रांतील बिघाड असतो आणि पस्तिशीपुढच्या मातांत ते अधिक आढळते. गॅस्ट्रोस्किसिस मात्र बहुतेक वेळा एकटेच येते. त्याचा सर्वांत ठळक धोका म्हणजे आईचे कोवळे वय: विशीच्या आतल्या मातांत तो कित्येक पट जास्त. त्याखालोखाल धूम्रपान आणि आईचे कमी वजन.

वयाचा हा मुद्दा सोलापूरसाठी फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या सुमारे 40 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास आहे. पहिले बाळंतपण सतराव्या-अठराव्या वर्षी होत असेल, तर या दोषाविषयी बोलताना बालविवाह बाजूला ठेवता येत नाही. शहरात घरोघरी विड्या वळल्या जातात, अनेक बायका मिश्री लावतात. यांचा या दोषाशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, पण गरोदरपणातल्या तंबाखूने बाळाचे वजन घटते, एवढे पक्के आहे. ग्रहणात गरोदर बाईने विळी-सुरी हातात घेतली म्हणून बाळाचे पोट उघडे राहिले, हा समज मात्र निराधार आहे आणि दुःखात बुडालेल्या आईवरच तो दोष टाकतो.

दोन्ही दोष सोनोग्राफीत बहुधा दिसतात. 18 ते 20 आठवड्यांची तपासणी चुकवू नये. आधी कळले तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येते. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1963) आणि त्याला जोडलेले, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ असलेले रुग्णालय आहे. करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडून तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ निर्णायक ठरतो. जन्मताच उघडी आतडी स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकावीत, बाळाला ऊब द्यावी, उजव्या कुशीवर ठेवावे, दूध पाजू नये. नाकातून पोटात नळी आणि शिरेतून सलाइन सुरू करून मगच पाठवावे. आतडी एकदम आत मावत नसतील तर सर्जन ती पारदर्शक पिशवीत ठेवून काही दिवसांत हळूहळू आत सरकवतात.

या काळजीने किती फरक पडतो, ते 2021 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासात दिसते: गॅस्ट्रोस्किसिसमधील मृत्यू श्रीमंत देशांत सुमारे 1 टक्का, मध्यम उत्पन्नाच्या देशांत 32, गरीब देशांत 90.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या जन्मदोषांच्या यादीत फाटलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष आहेत. उदरभित्तीचे दोष नाहीत. ते असायला हवेत.

गॅस्ट्रोस्किसिस पुढच्या बाळात पुन्हा होण्याची शक्यता थोडीच असते. ओम्फॅलोसिलनंतर मात्र गुणसूत्रांची तपासणी झाल्यावरच पुढच्या गरोदरपणाचा सल्ला घ्यावा.