बोर्डिंग (महाराष्ट्रातील विद्यार्थी वसतिगृहे)

गरीब, विशेषतः बहुजन आणि अस्पृश्य समाजांतील खेड्यातल्या मुलांना शहरी राहून शिकता यावे, म्हणून लोकवर्गणी, देणग्या व संस्थानी मदत यांवर चालवलेली वसतिगृहे. कोल्हापूर-सातारा भागात ती ‘बोर्डिंग’ म्हणूनच ओळखली जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी माध्यमिक शाळा असत त्या जिल्ह्याच्या किंवा मोठ्या गावी. फी माफ झाली तरी खेड्यातल्या पोराने तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय, हा प्रश्न उरे. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी होती, वार लावून जेवायची सोय होती. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृहही आरंभी माधुकरीच्याच आधारावर उभे राहिले. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाला हे दार बंद होते. शाळांइतकीच, किंबहुना आधी, बोर्डिंगांची गरज निर्माण झाली ती यामुळे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. संस्थानाने जागा व उत्पन्ने लावून द्यायची, कारभार त्या त्या समाजाने पाहायचा, अशी ही रीत. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांना आजही बोल लावला जातो. पण एका पंगतीला मुलगा बसवायला त्या काळी किती आईबाप राजी झाले असते, हेही पाहायला हवे.

ही भिंत पाडली कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिल्यावरून त्यांना जैन बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तेथील बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवरचे जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

खर्चाची तोंडमिळवणी कायमचीच अवघड. भाऊराव गावोगाव धान्य आणि वर्गणी मागत फिरत. घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड. मुले शेतात राबत, खडी फोडत, पाळीपाळीने स्वयंपाक करत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना या ओढग्रस्तीतून आली, हे लक्षात ठेवले म्हणजे तिच्याकडे नुसती उदात्त कल्पना म्हणून पाहिले जात नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. तरी पोरांचे सारे त्या करत. कोठारात दाणा नव्हता तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. बोर्डिंगाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एखादाच परिच्छेद येतो. तो अपुरा आहे.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात रयत संस्थेचे युनियन बोर्डिंग निघाले. शाळा-महाविद्यालये नंतरची: १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक-प्रशिक्षणाची सोय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारवर टीका केल्यावरून संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. ते पुन्हा सुरू होण्यात गाडगे महाराजांनी शब्द टाकला होता.

मुलींसाठी मात्र ही चळवळ उशिरा आणि तोकडी पोहोचली.

स्वातंत्र्यानंतर मागासवर्गीयांची शासकीय व अनुदानित वसतिगृहे आणि आदिवासी भागातील आश्रमशाळा यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर उचलले. हायस्कुले गावाजवळ आली, एसटीचा पास मिळू लागला, तशी कित्येक जुन्या बोर्डिंगांची गरज ओसरली. ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत ती टिकून आहे. गळीत हंगामात आईबाप कारखान्याच्या फडावर जातात आणि मुलांची शाळा सुटते. त्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. पुष्कळ ठिकाणी मुले जेवायला तिथे येतात आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपायला जातात.