पोटाच्या डायलिसिसची नळी बसवण्याच्या पद्धती : पार्श्वभूमी

सांगोला किंवा अक्कलकोट तालुक्यातील गावातून आठवड्याला दोन-तीन वेळा सोलापूर गाठून यंत्रावर डायलिसिस करून घेणाऱ्या रुग्णाला घरीच करता येणारे पोटाचे डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, सोयीचे वाटणे साहजिक आहे. मात्र त्याची सारी भिस्त डायलिसिसचा द्रव पोटात सोडण्यासाठी व बाहेर काढण्यासाठी उदरपोकळीत बसवलेल्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर असते.

जर्मनीतील गेओर्ग गँटर यांनी १९२३ मध्ये पोटाचे डायलिसिस माणसावर करून पाहिले, तरी पुढे कित्येक वर्षे दर खेपेला पोटाला नव्याने छिद्र पाडावे लागे आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नसे. सिएटलमधील हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये सिलिकॉनच्या नळीवर डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचे दोन कफ, म्हणजे नळीभोवतीचे पट्टे, बसवले. त्यांत शरीराच्या पेशी वाढून नळी जागच्या जागी धरली जाते आणि जंतूंची वाटही अडते. आजच्या बहुतेक नळ्या याच घडणीच्या आहेत. नळी बसवण्याची टेंकहॉफ यांची पद्धत मात्र ट्रोकार, म्हणजे टोकदार अवजार, आतले काही न दिसता पोटात खुपसण्याची, म्हणजे आंधळी होती, त्यामुळे आतड्याला इजा होण्याची धास्ती असे.

१९७६ मध्ये सीएपीडीची, म्हणजे हेच डायलिसिस रोज अखंड चालू ठेवण्याची कल्पना पुढे आली आणि नळी वर्षानुवर्षे टिकणे गरजेचे झाले. मग शल्यविशारद लहान छेद घेऊन, डोळ्यांदेखत नळी बसवू लागले. छेद मध्यरेषेऐवजी बाजूच्या स्नायूतून घेऊन आतला कफ त्या स्नायूत ठेवल्यास द्रव झिरपण्याचे आणि हर्नियाचे प्रमाण घटते, हे अनुभवाने कळले. सुई व तारेच्या साहाय्याने नळी सरकवण्याची पद्धत स्थानिक भुलीखाली होत असल्याने हृदय कमजोर असलेल्या रुग्णांना ती मानवते.

पोटात घालून आतले पाहण्याच्या दुर्बिणीचा (लॅपरोस्कोपचा) गाजावाजा मोठा असला, तरी तिने नुसते पाहून फारसा लाभ होत नाही. स्नायूच्या आवरणातून नळीसाठी लांब बोगदा करणे, नळीत अडकू पाहणारा ओमेंटमचा चरबीयुक्त पदर वर टाचून ठेवणे आणि जुने चिकटलेले भाग सोडवणे, ही कामे त्याच बैठकीत केली तरच ती उपयोगी ठरते. अमेरिकी शल्यविशारद जॉन क्रॅबट्री यांनी हा मुद्दा आग्रहाने मांडला. सिझेरियन किंवा पोटाची दुसरी एखादी शस्त्रक्रिया आधी झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर तो विशेष लागू पडतो.

शक्य असेल तेथे नळी वापरण्यापूर्वी जखम भरण्यासाठी सुमारे दोन आठवडे थांबतात. नळी त्वचेबाहेर कोठे काढायची, याची खूण मात्र शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्णाला बसवून व उभे करून करावी लागते, कारण ती जागा परकराच्या नाडीखाली किंवा धोतराच्या गाठीखाली आल्यास सततच्या घर्षणाने तेथे संसर्ग होऊ शकतो.