चर्च इंग्रजांनी आणलं आणि तिथे सगळं इंग्रजीतच चालतं? नाही हो

नाताळ जवळ आला की हा फॉरवर्ड फिरतोच. दोन्ही गोष्टी चूक आहेत. वसई 1534 ला पोर्तुगीजांकडे गेली, 1739 ला चिमाजी आप्पांनी जिंकली, तिथली ख्रिस्ती वस्ती त्याच काळातली, आणि इंग्रजांना तर मुंबईसुद्धा 1661 नंतर आंदण मिळाली, तेही पोर्तुगीजांकडूनच!

आता भाषेचं. वसईत मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते. पूर्वी लॅटिनमध्ये व्हायची, इंग्रजीत नाही, 1960 च्या दशकात व्हॅटिकनने स्थानिक भाषांना मोकळीक दिली. तिथलं 'सुवार्ता' मासिक मराठी, त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, अजून काय पुरावा पाहिजे?

नगरकडची प्रोटेस्टंट मंडळी तर अजून भारी. पेटी-तबल्यावर भजनं, त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आजही म्हणतात, अगदी अभंगाच्या वळणाची, आणि येशूची कथा कीर्तनातून सांगायची पद्धतही त्या भागात रुजली. पोरं संडे स्कूलला जातात तीही मराठीतूनच शिकायला. मुंबई-पुण्यात इंग्रजी उपासना असते, नाही कोण म्हणतंय, पण बऱ्याच चर्चच्या बोर्डावर मराठीची वेळ वेगळी लिहिलेली असते, जाता येता वाचा जरा.