चुंबक नसलेला स्पीकर

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ पहिल्यांदा उघडला तेव्हा मला एक गोष्ट खटकली. स्पीकर चांगला मोठा होता, मागे लोखंडाचं जड भांडं होतं, पण स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तर चिकटेना. चुंबकाचा दम गेला असणार, असं मी धरून चाललो. मग दिसलं की या स्पीकरला दोन नाही, चार वायरी आहेत. दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे जात होत्या आणि उरलेल्या दोन थेट पॉवर सप्लायमध्ये. त्या स्पीकरात कायमचा चुंबक नव्हताच. रेडिओ सुरू झाला की चुंबक तयार व्हायचा, बंद केला की नाहीसा व्हायचा.

याला फील्ड कॉइल स्पीकर म्हणतात. तो आता हाय-फायच्या, म्हणजे उंची घरगुती ध्वनियंत्रणांच्या, दुनियेत परत आला आहे, आणि तोही फार महागड्या रूपात. फ्रान्सच्या फोकल कंपनीने २००८ साली ग्रँड यूटोपिया ईएम या स्पीकरच्या वूफरला, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाला, विद्युतचुंबक बसवला. जर्मनीत वोल्फ फॉन लांगा असेच स्पीकर बनवतात. या पुनरागमनासोबत एक भाषाही आली आहे: विजेवरचा चुंबक ‘जिवंत’, कायमचा चुंबक ‘निर्जीव’. हे वाचलं की मला गप्प बसवत नाही. स्पीकरमध्ये जिथे तार हलते त्या फटीतल्या चुंबकी क्षेत्राला आपण कुठून आलो याची आठवण नसते. टेस्ला हे त्या क्षेत्राचं माप, आणि एक टेस्ला म्हणजे एक टेस्ला, मग तो तांब्याच्या वेटोळ्यातून आलेला असो की निओडिमियमच्या कायम चुंबकाच्या चकतीतून. फरक पडतो, पण तो वेगळ्याच ठिकाणी.

स्पीकरचं तत्त्व शाळेतलंच आहे. चुंबकी क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून करंट गेला की तिच्यावर बल येतं; फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम त्या बलाची दिशा सांगतो. बल = क्षेत्र × तारेची लांबी × करंट. ही तार म्हणजे कागदी शंकूला चिकटवलेली व्हॉइस कॉइल. ती लोखंडाच्या दोन ध्रुवांमधल्या अरुंद फटीत मागेपुढे हलते. फटीतलं क्षेत्र जितकं जोरदार, तितका आवाज मोठा.

पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात असा लाउडस्पीकर लोकांसमोर वाजवला. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये त्याला आजचं रूप दिलं. तेव्हाचे पोलादी चुंबक दुबळे होते, त्यामुळे जोरदार क्षेत्र हवं तर मृदू लोखंडाच्या खांबाभोवती हजारो वेढे गुंडाळून त्यांतून डीसी सोडणं, हाच व्यवहार्य मार्ग होता. जपानमध्ये धातुशास्त्रज्ञ मिशिमांनी १९३१ च्या सुमारास लोह, निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू शोधला. त्यातून पुढे ॲल्निको हा कायमच्या चुंबकाचा जोरदार मिश्रधातू आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फील्ड कॉइल मागे पडली. त्यानंतर स्वस्त फेराइट आलं आणि १९८० च्या दशकात निओडिमियम. आज निओडिमियमनेही फटीलगतचं लोखंड संपृक्त करता येतं, म्हणजे त्याहून जास्त चुंबकत्व ते जवळपास घेतच नाही. साध्या लोखंडाची मर्यादा साधारण दोन टेस्लाची आहे आणि ती विद्युतचुंबक आणि कायमचा चुंबक दोघांनाही सारखीच लागू आहे. ‘विद्युतचुंबक जास्त ताकदवान’ हा जुना मुद्दा त्यामुळे आता उरलेला नाही.

मला खरा रस आहे तो पुढच्या गोष्टीत. व्हॉइस कॉइल स्वतःही एक विद्युतचुंबक आहे. तिच्या मधोमध लोखंडी खांब आहे, म्हणजे शाळेत खिळ्याभोवती तार गुंडाळून करतो तोच प्रयोग. गाण्याचा करंट एका दिशेने गेला की तिचं क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळून ते वाढवतं. उलट दिशेने गेला की कमी करतं. म्हणजे आपण ज्या क्षेत्राला स्थिर समजून गणित मांडतो, ते गाण्याच्या तालावर हेलकावे खात असतं. वरच्या सूत्रात क्षेत्राच्या जागी ‘स्थिर भाग अधिक करंटच्या प्रमाणातला भाग’ लिहा. गुणाकार केल्यावर बलामध्ये करंटच्या वर्गाचं एक पद येतं. वर्ग आला की वारंवारता दुप्पट होते. १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर दिला तर २०० हर्ट्झचा एक न मागितलेला स्वर सोबत निघतो. याला फ्लक्स मॉड्युलेशन म्हणतात.

आता त्याच खांबाभोवती फील्ड कॉइलचे हजारो वेढे आहेत. खांबातला फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणारं एकूण चुंबकी क्षेत्र, बदलू लागला की लेंझच्या नियमाप्रमाणे त्या वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो आणि तो बदलाला विरोध करू पाहतो. पण विरोध प्रत्यक्षात उतरायला करंट वाहावा लागतो, आणि करंटला वाहायला बंद वाट लागते. सप्लायचा अंतर्गत रोध कमी असेल तर वाट मिळते. मग फील्ड कॉइल शॉर्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्यासारखी वागते आणि हेलकावे दाबून टाकते. विद्युतचुंबकाचा खरा फायदा हा आहे.

इथेच एक पेच आहे. फील्ड कॉइल तापते. जुन्या रेडिओत १५०० ओहमच्या कॉइलमधून ८० मिलिअँपिअर गेले तर १२० व्होल्ट तिच्यातच खर्च होतात आणि सुमारे ९.६ वॉटची उष्णता सतत तयार होते. तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्क्यांनी वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध वीस टक्क्यांनी वाढतो, आणि सप्लायचा दाब स्थिर असेल तर करंट साधारण सोळा-सतरा टक्क्यांनी घटतो. लोखंड संपृक्त नसेल तर क्षेत्रही तितकंच घटतं. म्हणून आजचे अनेक जण स्थिर करंटचा सप्लाय वापरतात. कॉइल कितीही तापली तरी करंट हलत नाही. पण करंट हलूच द्यायचा नाही म्हटलं, तर लेंझचा विरोध करणारा करंटही वाहू शकत नाही! उष्णतेवर इलाज केला आणि स्पीकरची मुख्य खुबी गमावली. उपाय सोपा आहे: कॉइलला समांतर मोठा कपॅसिटर जोडायचा. डीसीचं काम सप्लाय सांभाळतो आणि बदलत्या करंटला कपॅसिटरमधून वाट मिळते.

जुन्या रेडिओत हे आपोआप साधलं होतं. तिथे एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरच्या फिल्टरमध्ये करंटचे चढउतार अडवणारं वेटोळं, म्हणजे चोक, फील्ड कॉइलच असायची आणि तिच्या दोन्ही टोकांना फिल्टरचे कपॅसिटर असायचे. एकाच वेटोळ्यात चुंबकही आणि फिल्टरही. या काटकसरीला माझा नमस्कार आहे. तिची किंमतही होती: सप्लायमधला उरलासुरला चढउतार व्हॉइस कॉइलमध्ये उतरून घुमायचा. म्हणून फील्ड कॉइलशेजारी काही उलटे वेढे देऊन ते व्हॉइस कॉइलला जोडत, म्हणजे एक घुमणं दुसऱ्याला खोडून काढी.

मात्र क्षेत्राच्या हेलकाव्यांवरचा हा लगाम फक्त विद्युतचुंबकाकडेच आहे असं नाही. कायमच्या चुंबकाच्या स्पीकरात खांबाभोवती तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं एक कडं बसवलं की तेही एका वेढ्याची शॉर्ट केलेली कॉइल होतं, शिवाय ते व्हॉइस कॉइलच्या अगदी जवळ असल्यामुळे वरच्या वारंवारतांवर जास्त परिणामकारक ठरतं. फेराइट हे वीज न वाहणारं सिरॅमिक, त्यात असा विरोध आपसूक होत नाही. कडं नसलेला स्वस्त फेराइट स्पीकर आणि उत्तम फील्ड कॉइल यांची तुलना करून ‘विजेचा चुंबक जिंकला’ म्हणणं ही फसवी शर्यत आहे.

दुसरी फसवणूक क्षेत्राच्या जोरातून होते. क्षेत्र दीडपट केलं तर मधल्या पट्टीत आवाज साडेतीन डेसिबेलने वाढतो आणि शंकूवरचा विद्युत लगाम, म्हणजे हलत्या व्हॉइस कॉइलमध्ये वीज निर्माण होऊन तिच्या हालचालीला बसणारा ब्रेक, सव्वादोन पट घट्ट होतो. क्षेत्र कमी केलं की लगाम सुटतो, बेस फुगतो. फोकलच्या ईएम वूफरमध्ये क्षेत्र कमीजास्त करून बेस खोलीला जुळवता येतो. हे कायमच्या चुंबकाला जमत नाही, आणि माझ्या मते आजच्या हाय-फायमध्ये फील्ड कॉइलचं सर्वांत भक्कम समर्थन हेच आहे. पण ‘तासभर तापल्यावर आवाज मोकळा होतो’ या बोलण्यात स्थिर दाबाच्या सप्लायचा मोठा हात असू शकतो. वरच्या उदाहरणात सोळा-सतरा टक्के क्षेत्र गेलं की आवाज दीड डेसिबेलने उतरतो आणि लगाम तीस टक्क्यांनी ढिला पडतो. तो मोकळेपणा कॉइलच्या आत्म्यातून नाही, तापलेल्या तांब्यातून येतो. तुलना करायचीच असेल तर दोन्ही स्पीकरांचं फटीतलं क्षेत्र आणि आवाजाची पातळी मोजून सारखी करावी, आणि ऐकणाऱ्याला कोणता वाजतोय ते सांगू नये.

ज्यांना जुना रेडिओ उघडायचा आहे त्यांना एवढंच सांगतो: चालू फील्ड कॉइलची वायर कधीही ओढून काढू नका. हजारो वेढ्यांतला फ्लक्स एकदम कोसळला की टोकांवर मूळ सप्लायच्या कितीतरी पट दाब उसळतो. आधी सेट बंद करा, प्लग काढा आणि फिल्टरचे कपॅसिटर रिकामे झाल्याचं मीटरवर बघा.