गेमबॉयचे वाद्यरूपांतर

गेमबॉय हे हातात धरून खेळायचे जुने गेम यंत्र. ते उघडून त्यात थोडे सोल्डरिंग करायचे आणि खेळाच्या जागी संगीताचे कार्ट्रिज (यंत्रात खोचायची सॉफ्टवेअरची डबी) लावून ते मंचावर वाजवण्याजोगे करायचे, याला वाद्यरूपांतर म्हणता येईल. करणारे नुसते ‘मॉड’ म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या संगीताला चिपट्यून. निन्टेंडोने १९८९ मध्ये काढलेले राखाडी रंगाचे पहिले मॉडेल (‘डीएमजी’) यासाठी सर्वांत पसंतीचे, कारण त्याचा खालचा स्वर नंतरच्या मॉडेलांपेक्षा भरदार लागतो. बहुतेक मॉडमुळे यंत्राचा मूळ आवाज बदलत नाही. तो बाहेर येण्याच्या वाटेतले अडथळे तेवढे दूर होतात.

आवाज तयार होतो तो मुख्य चिपमध्येच, चार चॅनलांवर. पहिले दोन चॅनल चौकोनी लहरींचे. त्यांच्या लहरीची रुंदी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात ती वर राहण्याचा वाटा, १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के ठेवता येते. तिसऱ्या चॅनलला लहरीचा आकार आपण द्यायचा, पण तो ३२ ठिपक्यांत आणि प्रत्येक ठिपक्याला १६ च पायऱ्या. चौथा निव्वळ खरखरीचा. ढोल, झांज वगैरे सगळे त्यातूनच काढायचे. चौकोनी लहरी ६४ हर्ट्झच्या खाली जात नाहीत, तिसरा चॅनल मात्र ३२ पर्यंत उतरतो, म्हणून बेस (खालच्या सुरांची साथ) बहुधा त्याच्याकडे असतो. वरच्या टोकाला वेगळीच पंचाईत. कंपनसंख्या पूर्णांकांच्या भागाकारातून ठरत असल्याने ३,९७२ हर्ट्झनंतर थेट ४,०९६ येते. ही उडी पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून मोठी आहे, त्यामुळे फार वरच्या पट्टीतली सुरावट बेसूर लागते. डाव्या-उजव्या बाजूचा हिशेबही असाच रोखठोक: आवाज डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे, मधले काही नाही.

वाजवायचे कसे, हा प्रश्न कार्ट्रिजने सोडवला. जर्मनीच्या ओलिव्हर विटशो यांचे ‘नॅनोलूप’ आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचे ‘लिटल साउंड डीजे’ (एलएसडीजे) ही यातली सर्वांत नावाजलेली सॉफ्टवेअरे. एलएसडीजेमध्ये स्वर सोळा ओळींच्या तुकड्यांत भरतात, तुकड्यांची साखळी होते आणि साखळ्यांचे गाणे. आकडे सोळाच्या पायाचे, म्हणजे ९ नंतर ए. ‘ए’ बटण दाबून धरून दिशेची कळ हलवली की ओळीतला स्वर बदलतो. सराव झालेला माणूस हे वाजत्या गाण्यातच दोन अंगठ्यांनी करतो. पुष्कळ कार्ट्रिजांमध्ये गाणी जपून ठेवते ती एक बटणाएवढी बॅटरी. ती संपली की गाणी गेली, म्हणून संगणकावर प्रत काढून ठेवण्याचा कंटाळा परवडत नाही.

संगीताच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा मॉड एकच: प्रोसाउंड. हेडफोनच्या मूळ छिद्रातून येणारा आवाज आतल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून फिरून येतो आणि सोबत घरघर आणतो. खोलीत ती खपून जाते, मोठ्या स्पीकरवर झाकत नाही. यावर उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच आवाज पकडणे. मागच्या कवचाचे स्क्रू वाय आकाराच्या खाचेचे असतात. ते काढल्यावर यंत्राचे दोन अर्धे भाग दिसतात, आणि त्यांना जोडणारी चपटी रिबन. घाईत ती ओढली की काम वाढलेच. व्हॉल्यूमच्या चाकाचे पाय मागच्या बोर्डावर असतात. चिपकडून आवाज जिथे त्या पायांवर येतो तिथे डाव्या-उजव्या बाजूच्या दोन बारीक तारा आणि एक ग्राउंड सोल्डर करायची, कवचाला भोक पाडून नवा जॅक बसवायचा. या आउटपुटवर चाकाचा परिणाम होत नाही. पातळी मिक्सरवर सांभाळायची.

बॅकलाइट ही सोय झाली, पण अंधाऱ्या मंचावर तिच्यावाचून चालत नाही, कारण डीएमजीच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नाही. पडद्यामागची चकचकीत पन्नी आणि ध्रुवण फिल्म (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी) चिकटवलेली असते. ती ब्लेडने एका कोपऱ्यातून सावकाश सोलायची, उरलेला डिंक अल्कोहोलने पुसायचा आणि काचेमागे प्रकाशपट्टी व नवी फिल्म सरकवायची. ब्लेड घसरले तर काच किंवा रिबन जाते. फिल्म फिरवून बसवली तर काळ्याचे पांढरे होते; मग एक छोटी इन्व्हर्टर चिप लावून चित्र पुन्हा सुलटे करतात. त्याने पडदा अधिक ठसठशीत दिसतो. दिव्यांमुळे घरघर वाढली तर वीजपुरवठ्यावर एक कपॅसिटर टाकतात.

घड्याळाचा मॉड मात्र आवाजातच हात घालतो. ४.१९४३०४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाऐवजी बदलत्या वारंवारतेची चिप लावली की नॉबने अख्खे यंत्र हळू किंवा जलद करता येते. वेग निम्मा केला तर सूर एक सप्तक खाली आणि लयही निम्मी. फार वाढवला तर यंत्र गोठते. गंमत म्हणून ठीक, पण दुसऱ्या वाद्यांबरोबर सुरात राहायचे असेल तर हा नॉब डोकेदुखीच. त्यापेक्षा यंत्र न उघडता होणारी जोडणी जास्त उपयोगी पडते: दोन गेमबॉय जोडण्याच्या केबलच्या छिद्रात ‘अर्दुइनोबॉय’ हा मायक्रोकंट्रोलर (छोटा नियंत्रक संगणक) लावून मिडीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या भाषेतले, संदेश आत पाठवायचे. ‘एमजीबी’ कार्ट्रिज असेल तर गेमबॉय साध्या मिडी कीबोर्डवरून वाजतो.

हाच उद्योग इतर यंत्रांवरही चालतो. निन्टेंडोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या घरगुती गेम यंत्रात चौकोनी लहरी चिपच्या एका पायावर आणि उरलेले आवाज दुसऱ्यावर येतात. ते वेगळे बाहेर काढले की स्टिरिओ तयार. अटारी २६०० या जुन्या गेम यंत्राची गोष्ट अवघड. त्याच्या प्रत्येक ध्वनिप्रकाराला ३२ च उंच्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी नेहमीच्या स्वरांच्या अधल्यामधल्या पडतात. त्यामुळे तिथे आधी कोणते स्वर सापडतात ते बघतात, चाल त्यानंतर बांधतात.